टू-स्ट्रोक डर्ट बाइक, घरचं इंजिनकाम आणि नागपूरचं हवामान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात पारा ४५ वर गेला की ओळखीतला प्रत्येक जण विचारतो, "भाऊ, एवढ्या उन्हात टू-स्ट्रोक टिकतं का?" टिकतं. माझ्या शेडमध्ये जाम झालेली इंजिनं येतात ती बहुतेक डिसेंबर-जानेवारीत, स्वेटर घातलेल्या पोरांबरोबर. हे असं का होतं, ते एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं. बाकीचे प्रश्न मग आपोआप जमा झाले.

उन्हाळाभर गाडी नीट पळाली. थंडीत, सकाळच्या गार हवेत इंजिन कसं काय जाम झालं?

थंडी होती म्हणूनच. मे महिन्यातल्या ४४ अंशांच्या दुपारी हवा पातळ असते. जानेवारीत सकाळी १० अंशांवर तीच हवा सुमारे १२ टक्के दाट होते. म्हणजे सिलिंडरमध्ये १२ टक्के जास्त हवा जाते. कार्ब्युरेटर बिचारा त्या मानानं पेट्रोल वाढवू शकत नाही, त्याचं पेट्रोल जेमतेम ६ टक्के वाढतं. उरलेल्या फरकानं मिश्रण कोरडं पडतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. कोरडं मिश्रण जास्त तापतं, पिस्टन फुगतो, त्यात तेलही पेट्रोलमधूनच येत असल्यामुळे तेही कमी पडतं. वरून गंमत अशी की थोडं कोरडं मिश्रण असताना गाडी सगळ्यात मस्त ओढते. पोरगा खूश होतो, अजून पिळतो, आणि तिसऱ्या चकरीत मागचं चाक लॉक.

माझीही एक गाडी अशीच गेली. उन्हाळ्यात मी मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) दोन नंबरांनी बारीक केला होता, कारण दुपारी गाडी घुटमळत होती. तो बदल मी विसरलो. जानेवारीत हिंगण्याच्या पुढे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मुरमाड पडीक जमिनीवर सकाळी सात वाजता गाडी उतरवली आणि पंधरा मिनिटांत चिपकवली. हेड उघडलं तर पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला उभे ओरखडे आणि लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) ॲल्युमिनियम लिंपलेलं. शेजारच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी पिस्टन हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "बावा, गाडी तापली नाई, उपाशी राहिली."

म्हणून नियम साधा: जेट बारीक करायचा तो उन्हाळा लागल्यावर, आणि मोठा करायचा तो थंडी पडायच्या आधी. दिवाळी आली की मेन जेट बदलायचा, मग बाकी फराळ.

सुरुवातीला कोणतं इंजिन घेऊ?

हात बसवायचा असेल तर यामाहाचं आरएक्स १००. बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ५० मिमी, ९८ सीसी. हवेवर थंड होणारं, रीड व्हॉल्व्ह (मिश्रण फक्त आत जाऊ देणारी पातळ पट्ट्यांची झडप) असलेलं, आणि कास्ट आयर्नचं लायनर असल्यामुळे पुन्हा पुन्हा बोअर करता येणारं. भारतात हे १९८५ ते १९९६ बनलं, तरी सामान अजून मिळतं. मात्र डुप्लिकेट सामानही तेवढंच मिळतं, म्हणून पिस्टन आणि क्रँकचे ऑइल सील घेताना डोळे उघडे ठेवा. जास्त ताकद हवी असेल तर तोच स्ट्रोक आणि ५८ मिमी बोअर असलेलं आरएक्स १३५ घ्या. शंभरचा ब्लॉक ताणून ताणून तेवढा करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

बाहेरून आलेली यामाहाची वायझेड १२५ किंवा कावासाकीची केएक्स जुनी मिळत असेल तर ती जातच वेगळी: पाण्यानं थंड होणारी, सिलिंडरला आतून निकेलचा लेप दिलेली. तो लेप साध्या बोरिंगच्या दुकानात बोअर होत नाही. ओरखडा पडला की लेप पुन्हा चढवून घ्यावा लागतो. पहिलंच इंजिन असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

इंजिन उघडलं. पहिलं काम काय? पोर्टिंग, म्हणजे सिलिंडरमधली मिश्रणाची आणि धुराची भोकं (पोर्ट) घासणं?

नाही. पहिलं काम म्हणजे क्रँककेस (पिस्टनखालची पेटी) हवा धरते का ते बघणं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. ऑइल सील गळका असेल तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण कोरडं होतं, आणि तुम्ही महिनाभर जेट बदलत बसता. मॅग्नेटोकडचा (ठिणगीची वीज बनवणाऱ्या भागाकडचा) सील गेला की असं होतं. क्लचकडचा गेला तर गिअरबॉक्सचं तेल आत ओढलं जातं, धूर पांढरा येतो आणि वास वेगळा येतो.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही, घरातलं जुनं बीपीचं यंत्र पुरतं. माझ्याकडे वडिलांचं आहे, घड्याळवालं. ते ३०० मिमी पाऱ्यापर्यंत दाखवतं, म्हणजे सुमारे ५.८ पीएसआय, आणि आपल्याला साधारण सहाच पीएसआय हवं असतं. एक्झॉस्टचं तोंड रबराचा तुकडा आणि लोखंडी पट्टीनं बंद करा. कार्ब्युरेटरच्या जागी बूच लावा, त्याला बारीक नळी जोडा, पिस्टन खाली ठेवा, प्लग घट्ट करा. फुगा दाबत ३०० पर्यंत न्या आणि वाट बघा. चांगलं इंजिन पाच-सहा मिनिटं काटा जवळपास जागेवर धरतं. मिनिटाला ५० च्या वर पडत असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. हेडचं पॅकिंग, सिलिंडरच्या बुडाचं पॅकिंग, दोन्ही सील, आणि सगळ्यात जास्त वेळा कार्ब्युरेटरमागचं तडकलेलं रबर. नागपूरच्या उन्हानं ते रबर दोन वर्षांत कडक होतं.

त्यानंतर कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बघा. क्रँककडच्या मोठ्या टोकाला उभा खेळ जाणवला की क्रँक दुरुस्तीला द्यायचा. डाव्या-उजव्या बाजूला थोडा खेळ असणारच, त्याला घाबरू नका.

बोरिंगवाला विचारतो "किती ढील ठेवू?" काय सांगायचं?

आधी त्याला पिस्टन हातात द्या. पिस्टन न बघता बोअर करतो म्हणणाऱ्याकडे ब्लॉक टाकू नका. प्रत्येक पिस्टनचा स्कर्ट (खालचा भाग) वेगळा असतो, मायक्रोमीटरनं मोजूनच बोअर व्हायला हवं. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिमीनं वाढत जातात: ०.२५, ०.५०, ०.७५, १.००.

५० मिमी बोअरच्या हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला रस्त्यासाठी पिस्टन आणि बोअरमधे ०.०३५ ते ०.०४ मिमी ढील चालते. धुळीत, कमी वेगात, जास्त आरपीएमवर पळणाऱ्या गाडीला मी ०.०५ ठेवतो. ॲल्युमिनियम कास्ट आयर्नच्या जवळपास दुप्पट फुगतं आणि आपल्याकडे सिलिंडरच्या पंखांवरून (बाहेरच्या पातळ पट्ट्यांवरून) जाणारा वाराच मुळात ४५ अंशांचा असतो. थंड असताना पिस्टन किंचित खडखडेल, तो आवाज ऐकायची सवय करा. फोर्ज्ड पिस्टन त्याहून जास्त फुगतो, त्याला बनवणाऱ्यानं दिलेला आकडाच पाळायचा.

बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा हलक्या घासून मोडल्यात का ते बोटानं तपासा. धारदार कडेवर रिंग अडकते आणि तुटते. मग सिलिंडर गरम पाणी आणि साबणानं धुवा. पेट्रोलनं नाही. पेट्रोलनं होनिंगची (बोअर घासण्याची) भुकटी दगडासारखी रेघांमध्येच बसून राहते. पांढरं फडकं आतून फिरवून पांढरंच बाहेर आलं पाहिजे. ते झालं की लगेच टू-टी तेलाचा हात, नाहीतर लायनर डोळ्यांदेखत गंजतं.

एक्झॉस्ट पोर्ट किती उचलू?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा ग्राइंडर आधीच चालू असतो. तो बंद करा. आधी क्रँकवर अंशांची चकती लावा आणि पोर्ट कधी उघडतो ते मोजा. ५० मिमी स्ट्रोकच्या इंजिनात पोर्ट १ मिमी उचलला, म्हणजे त्याची वरची कड घासून वर नेली, तर एकूण उघडा राहण्याचा काळ जवळजवळ ५ अंशांनी वाढतो. दोन मिमी म्हणजे जवळजवळ दहा. रस्त्याच्या स्वभावाचं इंजिन १८० च्या आसपास सुखी असतं, १९० ते २०० ही मोटोक्रॉसची पट्टी. त्याच्या वर गेलात तर खालची सगळी ओढ जाते आणि ताकद शेवटच्या दीड-दोन हजार आरपीएममध्ये गोळा होते. मुरमाच्या वळणातून बाहेर पडताना हवी असते मधली ओढ. माझं मत विचाराल तर १९० च्या वर जाऊ नका.

रुंदी वाढवतानाही हात आखडता घ्या. मधे पूल नसलेला पोर्ट बोअरच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर रिंग बाहेर फुगून पोर्टात शिरते. ट्रान्सफर पोर्टच्या (क्रँककेसमधून मिश्रण वर आणणाऱ्या भोकांच्या) उंचीला हात लावू नका, फक्त ओतकामाचे खडबडीत भाग आणि पॅकिंगच्या पायऱ्या साफ करा. आरशासारखी पॉलिश करण्यात काही अर्थ नाही.

हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं तर?

वाढवा, पण मोजून. पिस्टनवर झाळकामाची दीड मिमीची तार ठेवा, गजन पिनच्या रेषेत, दोन्ही बाजूंना. हेड कसा, किक मारून इंजिन एकदा वरून फिरवा, तार काढून चपटलेलं टोक व्हर्नियरनं मोजा. शंभर-सव्वाशे सीसीला १ मिमीच्या आसपास जागा बरी. या जागेला स्क्विश म्हणतात. ०.८ च्या खाली गेलात तर क्रँकच्या खेळासकट पिस्टन हेडला टेकायची भीती. दीडच्या वर राहिली तर कडेला अडकलेलं मिश्रण उशिरा पेटतं आणि नॉकिंग (मिश्रणाचा आपोआप भडका) होतं. म्हणजे हेड योग्य इतकं घासणं हा तापमान कमी करायचाही उपाय आहे, हे पुष्कळांना पटत नाही. अति केलं की उलटं. कॉम्प्रेशन गेजवर १५० पीएसआयच्या फार पुढे पंपाच्या पेट्रोलवर जाऊ नका.

साइलेन्सर कापून सरळ पाइप लावला तर ताकद वाढते ना?

आवाज वाढतो. ताकद जाते. टू-स्ट्रोकचा पोटफुगा पाइप हा इंजिनाचाच भाग आहे. धुराची लाट रुंद होणाऱ्या भागात गेली की मागे ओढ निर्माण होते आणि सिलिंडर रिकामा होतो. पुढे निमुळत्या भागावर आपटून ती लाट परत येते आणि बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण पोर्ट मिटायच्या आत पुन्हा आत ढकलते. ही विद्या पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी पक्की केली. १९६१ मध्ये त्यांचं १२५ सीसी इंजिन २५ अश्वशक्तीला, म्हणजे लिटरला २०० ला पोचलं होतं. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पळून गेला आणि ती विद्या सुझुकीकडे गेली. पाइपच्या आकारासाठी माणूस देश सोडतो, आणि आपण हॅकसॉ घेऊन बसतो.

लांबीचा ढोबळ हिशोब: एक्झॉस्ट उघडा राहण्याचे अंश गुणिले ४२,५००, भागिले आरपीएम. उत्तर मिमीमध्ये, पिस्टनच्या तोंडापासून मागच्या निमुळत्या भागापर्यंत. १९० अंश आणि ९,५०० आरपीएम धरले तर ८५० मिमी. शेवटची बारीक नळी मात्र जपून. ती गरजेपेक्षा बारीक केली की धूर कोंडतो, पिस्टनचा माथा तापतो आणि मधोमध भोक पडतं. चेपलेला पाइपही तेच करतो.

ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलनं टू-स्ट्रोक बिघडतं का?

तक्रार खरी आहे, पण दोष दोन वेगळे आहेत. एक, इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच जेटमधून ई-२० गेलं की मिश्रण कोरडं पडतं. साधारण ७-८ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. जुन्या माहितीवरचे जेट नंबर म्हणूनच आता लागू पडत नाहीत. दोन, इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात अर्धी टाकी महिनाभर ठेवली की खाली पाणी आणि इथेनॉलचा थर बसू शकतो. त्या थरात तेल जवळपास नसतं आणि नळी नेमकी तळातून ओढते. म्हणून मिश्रण फिरायच्या दिवशीच बनवायचं, घरी आलं की नळ बंद करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवायचं. जुने रबरी ओ-रिंग आणि फ्लोटची सुई फुगतात, त्या नवीन टाका.

तेल किती टाकू? एरंडेल चांगलं की सिंथेटिक?

४० ला १, म्हणजे लिटरला २५ मिली. नवीन बोअरला आणि सतत जास्त आरपीएमवर राहणाऱ्याला ३२ ला १, म्हणजे ३१ मिली. डब्यावर जासो एफडी (टू-स्ट्रोक तेलाचा जपानी दर्जा) लिहिलेलं घ्या. झाकणानं अंदाजे मोजू नका, मेडिकलमधून सिरिंज आणा.

"थोडं जास्त तेल, थोडी जास्त सुरक्षा" हे अर्धसत्य आहे. तेल वाढवलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं. तेलाचं प्रमाण बदललं की जेटिंग पुन्हा तपासा.

एरंडेलाचा वास ज्याच्या डोक्यात गेला त्याला समजावण्यात अर्थ नसतो. कॅस्ट्रॉल हे नावच कॅस्टर, म्हणजे एरंडापासून आलेलं. फार तापल्यावरही ते पापुद्रा सोडत नाही, हे खरं. पण रिंगच्या खाचेत चिकटा धरतं आणि थंडीत पेट्रोलपासून वेगळं होतं. शिवाय ते शुद्ध केलेलं इंजिनचं असतं. आजीच्या कपाटातली बाटली नव्हे. हसू नका, एकानं आणली होती.

हवेवर चालणारं इंजिन जास्त थंड कसं ठेवू? पाण्यावर करून घेऊ का?

९८ सीसीला पाण्याची गरज नाही. सिलिंडरचे पंखे (फिन) साफ ठेवा, तेवढ्यानं बरंच होतं. पोळ्याच्या सुमाराला काळ्या मातीतून गाडी काढलीत की दोन पंख्यांमधे चिखल भरतो आणि इंजिनाच्या धगीनं भाजून विटेसारखा होतो. मग पंखे असून नसल्यासारखे. खराट्याच्या काडीनं कोरून काढा, तारेच्या ब्रशनं नको. गरम इंजिनावर पाइपचं पाणी मारू नका. पंख्यांना ऑइल पेंटचे जाड थर चढवू नका, पातळ मॅट काळा चालतो. पुढचा मडगार्ड वारा अडवत असेल तर वर उचला.

जेटिंग, स्क्विश आणि टायमिंग बरोबर नसताना पंखे वाढवणं, हेडवर जादा प्लेट लावणं हा बादलीखाली बादली ठेवण्याचा प्रकार. गळती वर आहे.

वायझेडचा रेडिएटर सुरुवातीच्या रांगेतच उकळतो. फिरणारा पंखा लावू?

या गाड्यांना पंखाही नसतो, थर्मोस्टॅटही नसतो. उभ्या गाडीत त्या तापणारच, म्हणून रांगेत इंजिन बंद ठेवा. पळतानाही उकळत असेल तर आधी झाकण तपासा. १.१ बारचं झाकण नीट दाब धरत असेल तर साधं पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं की ते शंभराला उकळतं. दुसरं, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे दिसत असतील तर हेडचं पॅकिंग गळतंय. तिसरं, पाण्याच्या पंपाखालच्या बारीक छिद्रातून थेंब येत असेल तर पंपाचा सील गेला. ते छिद्र एमसीलनं बुजवणारे महाभाग भेटलेत.

बोअरवेलचं पाणी कधीही घालू नका, आतून क्षाराचा थर चढतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. नागपुरात पाणी गोठत नाही, त्यामुळे अर्धं-अर्धं करायची गरज नाही. ग्लायकॉलपेक्षा पाणी उष्णता जास्त वाहून नेतं. मी ७० भाग पाणी आणि ३० भाग कूलंट घालतो, गंजापासून संरक्षण तेवढ्यात मिळतं.

आणि जानेवारीत रेडिएटरला हात लावून तो कोमट झाल्याशिवाय गाडी पिळायची नाही. पिस्टन आधी फुगतो, सिलिंडर मागून. चार कोपऱ्यांवर चार ओरखडे पडलेला पिस्टन दिसला की समजायचं, मालकाला घाई होती.

जाम झालेला बोअर वाचतो का?

लायनरवर नुसतं ॲल्युमिनियम चिकटलं असेल तर पुष्कळदा वाचतो. कॉस्टिक सोड्याचं पाणी कापसाच्या बोळ्यानं फक्त त्या डागावर लावा. ॲल्युमिनियम फसफसून निघतं, लोखंडाला काही होत नाही. पण ब्लॉक स्वतः ॲल्युमिनियमचाच आहे. थेंब पोर्टात ओघळला तर तोही खाल्ला जाईल. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, उघड्यावर, आणि नंतर भरपूर पाणी. निकेलच्या लेपावर हे करू नका. नखाला लागेल असा ओरखडा खाली उरला तर बोरिंगच.

ही गाडी रस्त्यावर चालवता येईल?

नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय असे बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी टेम्पोत टाकून न्या. गोरेवाड्याकडच्या जंगलाच्या वाटा डर्ट बाइकसाठी नाहीत. खासगी जमिनीवर मालकाला विचारून जा, आणि परीक्षेच्या दिवसांत तिथंही नको.

जेटची नोंद ठेवा म्हणता, म्हणजे नेमकं काय लिहायचं?

माझी वही ग्रीसनं काळी झाली आहे. त्यातल्या दोन ओळी देतो. गाडी आरएक्स १००, २४ मिमीचा मिकुनी कार्ब्युरेटर. सुई म्हणजे त्याच्या आतली, पेट्रोल मोजणारी सुई. माझे नंबर उचलू नका, तुमच्या इंजिनाचे वेगळे असतील.

"१९ मे, दु. ४, ४४ अंश. मेन १२०. सुई मधली खाच. प्लग फिकट तपकिरी. ओढ बरी, वर थोडी घुटमळ."

"११ जाने., स. ७, ११ अंश. मेन १३०. सुई एक खाच वर. प्लग तसाच. पाच मिनिटं गरम केली. टाकीवर चिठ्ठी: मार्चमध्ये जेट बदल."